‘स्टेंगा’ : निम्मी व्हिस्की, निम्मा सोडा

मलेशियातील पेनांग बेटावरील जॉर्ज टाउनमध्ये, चुलिया मार्गाला लागून असलेल्या एका आडगल्लीतील लहानशा बारमध्ये, सत्तरीच्या पुढचे एक चिनी गृहस्थ माझ्यासमोर पेला तयार करत होते. त्यांनी आधी बर्फ घातला नाही. थंड केलेला, आखूड, जाड बुडाचा पेला त्यांनी कोरड्या फडक्याने पुसला, त्यात व्हिस्कीचे माप ओतले, व्हिस्की जिथवर आली तिथे बाहेरून अंगठ्याचे नख टेकवले आणि नख तसेच ठेवून दुसऱ्या हाताने सोड्याची बाटली तिरकी धरली. सोडा पेल्याच्या कडेवरून आत घरंगळत गेला आणि नखाच्या वर नखाखाली होती तेवढीच उंची भरल्यावर थांबला. त्यानंतर चिमट्याने बर्फाचे दोन मोठे खडे त्यांनी अलगद आत सोडले. मी विचारले, “अंकल, बर्फ शेवटी का?” ते म्हणाले, “बॉस, बर्फ आधी घातला तर निम्मे कुठे संपते ते दिसणार कसे?”

या पेयाला ‘स्टेंगा’ म्हणतात, किंवा एके काळी म्हणत असत. इंग्रजांच्या अमलातील मलाया (म्हणजे आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पाचा भाग), सिंगापूर आणि आसपासच्या प्रदेशात संध्याकाळी क्लबाच्या व्हरांड्यात बसून जी व्हिस्की-सोडा प्यायली जाई, तिचे हे नाव. मी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त सिंगापुरात राहतो. हा शब्द प्रथम भेटला तेव्हापासून तो जिथे जिथे मिळेल तिथे मागवून पाहण्याचा नाद मला लागला आहे. आजचे परीक्षण कोणत्याही एका दुकानाचे नसून या पेयाचे आहे: ते काय आहे, आज कसे मिळते, कुठे बिघडते आणि घरी करून पाहण्याजोगे आहे का. ज्या जागी ते बिघडलेले मिळाले त्यांची नावे मी देणार नाही, आणि जिथे चांगले मिळाले त्या जागेचे नावही त्या वृद्ध गृहस्थांच्या इच्छेवरून गाळतो आहे.

आधी शब्दाकडे पाहू, कारण या पेयाच्या बाबतीत नाव हीच कृती आहे. मलय भाषेत ‘तेंगाह’ म्हणजे मध्य. मध्य जावा प्रांताला ‘जावा तेंगाह’ म्हणतात, मध्यपूर्वेला ‘तिमुर तेंगाह’ आणि दुपारला ‘तेंगाह हारी’, म्हणजे दिवसाचा मध्य. त्याला ‘एक’ या अर्थाचा ‘से’ जोडला की ‘सेतेंगाह’ होतो, म्हणजे अर्धा. त्यातला ‘से’ अतिशय हलका असतो, जवळजवळ नुसता ‘स्’. पुढे येणारा नाकातला वर्ण आपल्या ‘वाङ्मय’ मधल्या ङ-सारखा असतो आणि शेवटचा ‘ह’ श्वासापुरता उरतो. इंग्रजांच्या कानांनी पहिला स्वर टाकून दिला, शेवटचा ‘ह’ गिळला, आणि ‘सेतेंगाह’चा ‘स्टेंगा’ झाला. मूळ शब्द मात्र आजही रोजच्या वापरात आहे. साडेआठ वाजले हे मलयमध्ये ‘पुकुल लापान सेतेंगाह’ असे सांगतात. सकाळी कॉफीच्या दुकानात मिळणाऱ्या अर्धवट उकडलेल्या अंड्यांनाही ‘तेलुर सेतेंगाह मासाक’ म्हणतात. म्हणजे दारूचा शब्द म्हणून तो जुना झाला, पण भाषेत तो घड्याळात आणि न्याहारीच्या बशीत सुखाने नांदतो आहे.

मापाच्या शब्दाचे पेयाच्या नावात रूपांतर होणे आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे ‘नवटाक’ आणि ‘पावशेर’ ही वजनमापे होती. शेर गेले, छटाक गेले, तरी ‘नवटाक मारली’ हा वाक्प्रचार मागे राहिला. ‘क्वार्टर’ म्हणजे पाव, पण महाराष्ट्रात कुणी क्वार्टर म्हटले की कशाचा पाव हे विचारावे लागत नाही. आणि मुंबईच्या टपरीवरचा ‘कटिंग’ चहा हा तर स्टेंगाचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे: पूर्ण पेल्याचा निम्मा भाग, ज्याला चहा हा शब्दही जोडण्याची गरज उरली नाही. त्यामुळे ‘स्टेंगा’ हा शब्द मला परका वाटला नाही. क्लबातल्या साहेबाने ‘अर्धा’ एवढेच ओरडावे आणि समोरच्याने निमूट व्हिस्की आणि सोडा घेऊन यावे, ही सवय कशी जडली असेल ते मराठी माणसाला फोडून सांगावे लागत नाही.

या ‘अर्ध्या’चे मात्र दोन अर्थ सांगितले जातात. एका अर्थाने पेल्यात निम्मी व्हिस्की आणि निम्मा सोडा. दुसऱ्या अर्थाने व्हिस्कीचे नेहमीच्या मापापेक्षा निम्मे माप आणि वर हवा तेवढा सोडा, म्हणजे आपल्याकडच्या ‘छोटा पेग’सारखा प्रकार. मी दोन्ही करून पाहिले आहेत आणि पहिल्याच अर्थाच्या बाजूचा आहे. दुसऱ्या अर्थाने केलेले पेय चवीला वाईट नसते, परंतु ते कुठेही मिळणाऱ्या व्हिस्की-सोड्याहून वेगळे राहत नाही आणि त्यासाठी वेगळे नाव धारण करण्याचे काही कारण उरत नाही. निम्म्या-निम्म्या प्रमाणात मात्र खरोखर एक वेगळी वस्तू तयार होते. तिची चव पुढे सांगतो.

आधी या पेयाचे घटक मलायात कुठून येत हे पाहायला हवे, कारण बर्फ, सोडा आणि व्हिस्की यांपैकी एकही त्या भूमीतला नव्हता. एकोणिसाव्या शतकात बर्फ अमेरिकेतील बॉस्टनहून जहाजांनी येत असे. लाकडाच्या भुशात रचलेल्या गोठलेल्या तळ्यांच्या लाद्या १८३३ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या, हा व्यापार मुंबईलाही आला, आणि सिंगापुरात व्हाम्पोआ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हू आ के या व्यापाऱ्याने १८५४ च्या सुमारास नदीकाठी बर्फघर काढले. तो धंदा फार काळ परवडला नाही. यंत्राने बर्फ बनू लागल्यावर तो हळूहळू क्लबांच्या आवाक्यात आला. सोड्याची कथा अधिक ठोस आहे. जॉन फ्रेझर आणि डेव्हिड चाल्मर्स नीव्ह या दोघांनी १८८३ मध्ये सिंगापुरात वायूयुक्त पाण्याचा कारखाना सुरू केला आणि त्यातून उभी राहिलेली ‘फ्रेझर अँड नीव्ह’ ही कंपनी आजही तिथल्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्याकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये घेतले होते, म्हणजे जवळपास त्याच काळात हिंदुस्थानात आणि मलायात साहेबाच्या पेल्यातील बुडबुड्यांची स्थानिक सोय होऊ लागली होती. व्हिस्की अर्थात स्कॉटलंडची आणि बहुतेक वेळा मिश्र म्हणजे ब्लेंडेड असे. एकाच भट्टीची सिंगल माल्ट आज प्रतिष्ठेची झाली आहे, त्या काळच्या क्लबात ती नेमाची वस्तू नव्हती.

बसायची रीतही ठरलेली होती. सहाच्या सुमारास सूर्य कलला की पहिला पेला, जेवणाआधी कधी ‘पाहित’ हे दुसरे मलय नाव धारण करणारी जिन, म्हणजे अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे थेंब घातलेली ‘कडू’ जिन, आणि मग पुन्हा स्टेंगा. पैसे हातोहात दिले जात नसत. पेला आला की कागदाच्या तुकड्यावर सही करायची आणि महिन्याअखेर हिशेब चुकता करायचा. त्या कागदाला ‘चिट’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या ‘चिठ्ठी’चाच आहे. डोक्यावर हलणारा ‘पंका’ही आपलाच पंखा. म्हणजे वस्तू स्कॉटलंडची, नाव मलयचे, हिशेब चिठ्ठीवर आणि वारा पंख्याचा.

परंतु या चित्राकडे नुसते गोडगोड डोळ्यांनी पाहणे मला जमत नाही, आणि आज हे पेय विकणाऱ्या अनेकांकडून हीच चूक होते. त्या व्हरांड्यातील अनेक क्लबांत आशियाई माणसाला सदस्यत्व नसे. पेला आणून देणारा माणूस पन्नाशीचा असला तरी त्याला ‘बॉय’ म्हणूनच हाक मारली जाई, आणि हा ‘बॉय’ पुष्कळदा चीनच्या हैनान बेटावरून आलेला, घरदार मागे ठेवून पैसे पाठवणारा कर्ता पुरुष असे. रबराची रोपे १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून सिंगापुरात आली, पुढे त्यांच्यावर मोठमोठे मळे उभे राहिले, आणि त्या मळ्यांत चीक काढणाऱ्या तमिळ मजुरांसाठी मळ्यातच ताडीचे दुकान असे. मजुराची मजुरी त्या दुकानात जिरत असे. एकाच मळ्यावर, एकाच संध्याकाळी, वर बंगल्यात स्टेंगा आणि खाली चाळीच्या टोकाला ताडी, असे दोन पेले भरले जात. हे ठाऊक असूनही मी हा पेला मागवतो. मात्र तो मागवताना वेताची खुर्ची, शिकारीच्या टोप्या आणि भिंतीवरचे साहेबांचे फोटो यांचे कौतुक करावेसे वाटत नाही. जे कौतुक करावेसे वाटते ते त्या हाताचे, ज्याला निम्मे कुठे संपते हे माहीत होते.

त्या जगाचा शेवट वेगाने झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूरच्या वेशीवर आले, तेव्हा सरकारी आदेशाने शहरातील मद्याचे साठे फोडून टाकण्यात आले, विजयी सैनिकांच्या हाती ते पडू नयेत म्हणून. १५ फेब्रुवारीला शहर पडले. युद्धानंतर क्लब पुन्हा उघडले, पण ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाल्यावर तिथे बसणारी मंडळीही बदलत गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम यांच्या मलायातील कथांमध्ये हा शब्द पानोपानी येतो आणि आज तो वाचणाऱ्या बहुतेकांना तिथेच भेटतो. मलाही तो तिथेच भेटला.

आता प्रत्यक्ष पेयाकडे. सिंगापुरात मी ते पहिल्यांदा मागवले तो बार नवा होता, पण त्याच्या पेयपत्रिकेवर ‘वारसा’ असे शीर्षक देऊन जुनी नावे छापलेली होती. समोर आला तो उंच, सडपातळ पेला, काठोकाठ बर्फ, तळाशी ३० मिलिलिटर व्हिस्की आणि वर नळीने सोडलेला किमान १२० मिलिलिटर सोडा. वर पुदिन्याचे पान. हा एकास चार असा हिशेब झाला. पेय थंडगार होते, तहान भागली, पण हे हायबॉल होते, म्हणजे उंच पेल्यात थोड्या व्हिस्कीवर भरपूर सोडा. जपानी पद्धतीने नीट केलेले हायबॉल मला मनापासून आवडते, मात्र त्याचे प्रमाण आणि त्याचा हेतू दोन्ही वेगळे असतात. ज्या पेयाच्या नावातच ‘अर्धा’ लिहिलेले आहे त्यात पाचवा हिस्सा व्हिस्की घालून तेच नाव ठेवणे, हे साडेआठ वाजता बोलावून सव्वाआठला दार बंद करण्यासारखे आहे. २६ सिंगापुरी डॉलर किंमत, त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के कर, असे ३१ डॉलर १७ सेंट झाले.

दुसऱ्या एका ठिकाणी तर गडबड अधिकच झाली. पत्रिकेवर नाव नव्हते, म्हणून मी तोंडी मागितले. काम करणारा मुलगा तरुण, नम्र आणि उत्साही होता. त्याने ‘स्टिंगर’ ऐकले. स्टिंगर म्हणजे ब्रँडी आणि पुदिन्याची गोड लिकर यांचे मिश्रण. ते माझ्यापुढे आले, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत मला चूक कळली नाही, कारण तीही वस्तू लहान पेल्यात, बर्फावर येते. त्या मुलाला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. त्याच्या शिक्षणात हा शब्द कुणी घातलाच नव्हता. पण ज्या मलय शब्दाचा तो रोज घड्याळासाठी वापर करत असेल तो शब्द माझ्या तोंडून इंग्रजी वळणाने आला म्हणून त्याला ओळखता आला नाही, याचे मला फार वाईट वाटले. चूक माझ्या उच्चाराची होती. तेव्हापासून मी ‘सेतेंगाह’ असेच म्हणतो, आणि पुढे “निम्मी व्हिस्की, निम्मा सोडा” हे जोडतो.

पेनांगला मी हेच वाक्य म्हणालो. अंकल क्षणभर थांबले, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “हे मागणारा माणूस पुष्कळ दिवसांनी आला.” त्यांचे वडील एका बोटीवर आणि नंतर एका हॉटेलात पेले भरत. अंकलनी हे माप त्यांच्याकडून घेतले होते. त्यांनी वापरलेली व्हिस्की साधी, मध्यम किमतीची मिश्र स्कॉच होती आणि माप ४५ मिलिलिटरचे. महागडी बाटली मी दाखवली तेव्हा त्यांनी मान हलवली. धुरकट चवीच्या व्हिस्कीत निम्मा सोडा घातला की धूर तेवढा वर येतो आणि बाकीचे बुडते, असे त्यांचे म्हणणे. घरी खात्री करून घेतल्यावर मला ते पूर्णपणे पटले.

आता चव. बाटलीतील स्कॉचमध्ये अल्कोहोलचे प्रमाण किमान ४० टक्के असते. तेवढाच सोडा मिसळला की ते २० टक्क्यांच्या आसपास येते आणि बर्फ वितळेल तसे आणखी खाली उतरते. या पातळीवर व्हिस्कीचा चटका गेलेला असतो, पण तिचे अंग शाबूत असते. धान्याची गोडी, पिंपाच्या लाकडाचा किंचित तुरटपणा आणि गिळल्यानंतर घशाशी राहणारी ऊब या तिन्ही गोष्टी एकामागून एक ओळखता येतात. हायबॉलमध्ये सोडा पुढे असतो आणि व्हिस्की त्याच्या मागून वास देत राहते. नुसत्या बर्फावरच्या व्हिस्कीत व्हिस्की एकटीच बोलते. स्टेंगात दोघे एका उंचीचे असतात. मात्र यात एक अडचण आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय हे पेय जमत नाही: सोडा कमी असल्यामुळे त्यातील वायूही कमी असतो आणि तो लवकर उडून जातो. म्हणून पेला आखूड हवा, सोडा अगदी थंड हवा, ढवळायचे नाही, आणि दहा मिनिटांच्या आत पेला संपवायला हवा. तासभर हातात धरून गप्पा मारायच्या असतील तर दुसरे काही मागवावे. अंकलनी बर्फ शेवटी सोडल्यामुळे थोडे बुडबुडे उडालेच. माझ्या मते बर्फ आधी आणि सोडा शेवटी घातला तर पेय अधिक सजीव राहील, परंतु मग अंगठ्याच्या नखाचे माप चालणार नाही आणि सोडाही मापात मोजून घ्यावा लागेल. या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. ते म्हणाले, “तुमच्या घरी तसे करा.”

पेनांगच्या त्या पेल्याची किंमत करांशिवाय ३६ रिंगिट होती. भिंतीवरील फलकावर किमतीसाठी ‘हार्गा’ हा मलय शब्द लिहिलेला होता. तो संस्कृत ‘अर्घ’ या शब्दावरून गेलेला आहे, आणि आपला ‘महाग’ हा शब्दही ‘महार्घ’वरूनच आलेला आहे. ३६ रिंगिट हार्गा मला महाग वाटली नाही. मलेशियात मद्यावरील कर जड आहे, आणि तिथे मुस्लिम नसलेल्या व २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच ते विकता येते, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

दिवाळीत ठाण्याला भावाच्या घरी गेलो तेव्हा हा प्रयोग आपल्या सामग्रीवर करून पाहिला. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो, म्हणजे निम्म्याने २१.४. प्रमाण जुळले, चव मात्र जुळली नाही. आपल्या अनेक स्वस्त व्हिस्कींमध्ये मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा मोठा भाग असतो. भरपूर सोड्यात किंवा थंड पेयात तो लपतो, पण निम्म्या सोड्यात त्याची गोडसर, पातळ चव उघडी पडते. मग गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनची धूर नसलेली सिंगल माल्ट घेतली. ती ४६ टक्क्यांची, म्हणून निम्म्याने २३. इथे मात्र मजा आली. उष्ण हवेत पिंपात मुरलेल्या त्या व्हिस्कीत मधासारखी एक दाट गोडी आहे, आणि सोड्याने तिला मोकळे केले. भाऊ पट्टीचा पाणी घालून पिणारा माणूस. त्याने पहिला घोट घेऊन “कडक आहे रे, दादा” म्हटले आणि तिसऱ्या घोटाला खुर्ची पुढे ओढली. वहिनीने सोड्याची बाटली फ्रीजच्या दारातून काढून मागच्या, जास्त थंड कप्प्यात ठेवायला सुचवले, आणि दुसऱ्या पेल्यात त्याचा फरक स्पष्ट कळला. दारातली बाटली दर वेळी उघडझाप होताना तापते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

घरी करणाऱ्यांसाठी माझे प्रमाण असे ठरले आहे. पेला १५० ते १८० मिलिलिटरचा, पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवलेला. बर्फाचा एकच मोठा खडा, कारण चुरा बर्फ निम्म्याचा हिशेब दोन मिनिटांत मोडतो. ४५ मिलिलिटर मिश्र स्कॉच किंवा धूर नसलेली माल्ट. नुकत्याच फोडलेल्या बाटलीतील ४५ मिलिलिटर सोडा, पेल्याच्या कडेवरून, शेवटी. लिंबू, पुदिना, काकडी यांपैकी काहीही नाही. सोबत खारे शेंगदाणे चालतात. मसाला शेंगदाणे मात्र चव झाकून टाकतात. आणि ४५ मिलिलिटर म्हणजे दीड पेग, हे विसरू नये. हे पेय जिभेला सौम्य वाटते, पण शरीराला ते सौम्य नसते. दुसऱ्या पेल्यानंतर मी थांबतो, आणि गाडी चालवायची असेल तर पहिलाही घेत नाही. महाराष्ट्रात कायद्याने परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण असावे लागते. ‘परमिट रूम’ या पाटीचा उगम तिथेच आहे.

बाहेर मागवायचे असेल तर पत्रिकेवरील नावावर विसंबू नये. व्हिस्कीचे माप पेल्यात आणि सोड्याची बंद बाटली वेगळी मागवावी, म्हणजे प्रमाण आपल्या हातात राहते. बहुतेक ठिकाणी यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त सोड्याचे लागतात. जिथे सोडा नळीतून येतो तिथे हे पेय मागवूच नये, कारण तो सोडा क्वचितच पुरेसा थंड असतो आणि त्याचा जोर हातात राहत नाही.

पेनांगला जाणार असाल तर चुलिया मार्गाच्या बाजूच्या गल्ल्यांतून सहाच्या सुमारास फिरा. फुटपाथऐवजी तिथे दुकानांसमोर छप्पर असलेले पाच फुटी ओटे आहेत, त्यांना ‘काकी लिमा’ म्हणतात. त्यांतल्या एका ओट्यावर हिरव्या रंगाचे, खालच्या भागाचा रंग उडालेले लाकडी दार आहे आणि आत फक्त सहा स्टुले. अंकल सोमवारी येत नाहीत. इतर दिवशी ते आठपर्यंतच असतात, त्यानंतर त्यांचा नातू उभा राहतो. मी निघालो त्या संध्याकाळी तो रिकाम्या पेल्यात पाणी ओतून, बाहेरून नख टेकवून, निम्मे मोजायला शिकत होता. पहिले तीन पेले आजोबांनी ओतून टाकायला लावले. चौथा त्यांनी उचलून दिव्यासमोर धरला आणि तसाच काउंटरवर ठेवला.